एका तेलाऐवजी दुसरे तेल

१. दोन घरे, एकच शंका

रॉकेल मिळत नसेल तर स्टोव्हमध्ये थोडे डिझेल घातल्याने काय बिघडते, हा प्रश्न महाराष्ट्रातील असंख्य घरांत कधी ना कधी विचारला गेला आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले, त्याआधी तेथील घरांतही मावळातील इतर गावांप्रमाणे चूल, बंब आणि रॉकेलचा स्टोव्ह हीच उष्णतेची साधने होती. पुण्याची थंडी घर तापवावे लागेल अशी नसते. शहरातील आजवरचे नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले, परंतु अशी रात्र हा अपवाद असल्याने येथे जळण लागते ते स्वयंपाकाला आणि आंघोळीच्या पाण्याला. मात्र याच हिंजवडीतील कंपन्यांमधून अमेरिकेत गेलेली अनेक मराठी कुटुंबे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट किंवा न्यू जर्सीमधील अशा घरांत राहतात, ज्यांच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो आणि ज्यांना हिवाळ्यात त्या बॉयलरवाचून एक रात्रही काढता येत नाही. टाकीतले हीटिंग ऑइल संपले असेल आणि टँकर दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर तोवर पंपावरून आणलेले डिझेल टाकीत ओतले तर चालेल का, असा प्रश्न तेथे पडतो.

दोन्ही ठिकाणची शंका एकच आहे, पण उत्तरे परस्परांच्या उलट आहेत. स्टोव्हमध्ये डिझेल घालू नये. तळघरातील बॉयलरला मात्र ते सहसा चालते. तेलातील उष्णतेचा साठा पाहून या विरोधाचे कारण सापडत नाही, कारण तो साठा या सर्व तेलांत जवळपास सारखाच असतो. ते सापडते तेलाच्या वागण्यात, म्हणजे ते किती पातळ आहे, किती तापल्यावर त्याची वाफ होते, थंडीत ते थिजते का आणि जळल्यावर मागे काय ठेवते यांत. प्रत्येक स्टोव्ह व प्रत्येक बर्नर एका विशिष्ट वागण्याच्या तेलासाठी घडवलेला असतो, आणि म्हणून तेल बदलणे म्हणजे यंत्रही कमी-अधिक बदलणे होय.

२. तेलांचे कुटुंब

कच्चे खनिज तेल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या हजारो लहानमोठ्या रेणूंचे मिश्रण असते. तेलशुद्धीकरण कारखान्यात ते तापवून उंच मनोऱ्यात सोडले जाते, तेव्हा लहान रेणूंची वाफ वरपर्यंत जाते, मध्यम रेणू मधल्या थरांत पुन्हा द्रवरूप होतात आणि जडशीळ रेणू तळाशी उरतात. पेट्रोल वरच्या भागातून मिळते. त्याखाली, साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारा भाग म्हणजे रॉकेल, आणि त्याही खाली, साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळणारा भाग म्हणजे डिझेल. तळाच्या उरलेल्या दाट, काळ्या भागापासून फर्नेस ऑइल तयार होते, जे कारखान्यांच्या भट्ट्यांत व बॉयलरांत जाळले जाते. रॉकेल आणि डिझेल यांच्या उकळण्याच्या मर्यादा एकमेकींत शिरलेल्या आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण त्याचा अर्थ असा की या दोन तेलांमध्ये भिंत नाही, उतार आहे. डिझेलचा हलका भाग हा जवळपास रॉकेलच असतो, आणि अडचण येते ती त्याच्या जड भागामुळे.

निरनिराळ्या देशांनी या तेलांना निरनिराळी नावे दिली आहेत. अमेरिकेत जळणाच्या तेलांना क्रमांक असतात: क्रमांक १ हे रॉकेलच्या जवळचे, क्रमांक २ म्हणजे घरगुती हीटिंग ऑइल, जे डिझेलचे सख्खे भावंड आहे, आणि क्रमांक ६ हे फर्नेस ऑइलसारखे दाट. ब्रिटनमध्ये घरे तापवणाऱ्यांच्या तोंडी २८ सेकंदांचे तेल आणि ३५ सेकंदांचे तेल अशी नावे असतात. रेडवुड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात, १०० अंश फॅरनहाइट तापमानाचे ५० मिलिलिटर तेल ठरावीक छिद्रातून गळून जाण्यास लागणारा वेळ त्या नावांत सांगितलेला असतो. रॉकेल सुमारे २८ सेकंदांत गळते, गॅस ऑइल म्हणजे डिझेलसारखे तेल ३५ सेकंदांत. तेथील जुन्या घरांत ३५ सेकंदांच्या तेलावरून २८ सेकंदांच्या तेलावर बॉयलर वळवणे हे नेहमीचे काम आहे, आणि या प्रकरणाचा विषय त्याच्या शुद्ध स्वरूपात तेथे दिसतो.

आणखी एक संज्ञा येथेच स्पष्ट केलेली बरी. ज्या तापमानाला तेलाच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ठिणगी दाखवताच ती क्षणभर पेटते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकांनुसार रॉकेल आणि डिझेल या दोहोंचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पेट्रोलचा तो शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. रॉकेल व डिझेल एकमेकांऐवजी वापरल्यास बहुधा यंत्र बिघडते, परंतु त्यांपैकी कशातही पेट्रोल मिसळल्यास माणूस भाजतो, कारण पेट्रोलची वाफ घरातील कोणत्याही तापमानाला पेटण्यास तयार असते. म्हणून या प्रकरणात पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील एकही वाक्य पेट्रोलला लागू नाही.

३. उष्णतेचा हिशोब

एक किलो रॉकेल पूर्ण जळल्यावर सुमारे ११,१०० किलोकॅलरी उष्णता मिळते, डिझेलपासून सुमारे १०,८०० आणि फर्नेस ऑइलपासून सुमारे १०,५००. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास लागणारी उष्णता. वजनावर पाहिल्यास रॉकेल सरस ठरते, पण तेल विकत घेतले जाते ते लिटरवर, आणि रॉकेल डिझेलपेक्षा हलके असते. रॉकेलचा एक लिटर साधारण ०.८० किलो भरतो, म्हणजे त्यातून सुमारे ८,९०० किलोकॅलरी मिळतात; डिझेलचा एक लिटर साधारण ०.८३ किलो भरतो, म्हणजे त्यातून सुमारे ८,९६० मिळतात. फरक एका टक्क्याच्याही आत आहे. अमेरिकेतील हीटिंग ऑइल थोडे अधिक जड असल्याने तेथे तो अडीच टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तोही डिझेलवर्गीय तेलाच्या बाजूने.

आता बादलीभर पाण्याचे उदाहरण घेता येईल. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर २० गुणिले २५ म्हणजे ५०० किलोकॅलरी पाण्यात उतराव्या लागतात. जळणातील निम्मी उष्णता पाण्यात पोहोचते असे मानले, तर रॉकेल सुमारे ११० मिलिलिटर लागेल. त्याच स्टोव्हमध्ये डिझेल घातले, ज्योत धुरकट झाली, भांड्याच्या बुडाला काजळीचा थर बसला आणि पाण्यात पोहोचणारा वाटा ५० वरून ४० टक्क्यांवर आला असे धरले, तर डिझेल १४० मिलिलिटर जळेल. दोन तेलांच्या उष्णतेत एक टक्क्याचाही फरक नसताना खर्च सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला. जळण बदलण्याचा विचार करणारे लोक सहसा प्रतिलिटर भावाची तुलना करतात आणि तेथेच थांबतात. वास्तविक नवे तेल त्या यंत्रात किती स्वच्छ जळेल हा प्रश्न भावाच्या आधी विचारायला हवा.

४. वात काय मागते

द्रवरूप तेल कधीच जळत नाही. जळते ती त्याची वाफ. तेलाची वाफ करून ती हवेत मिसळण्याच्या निरनिराळ्या युक्त्या म्हणजेच निरनिराळे स्टोव्ह आणि बर्नर. त्यांपैकी सर्वांत साधी युक्ती वातीची.

वातीच्या धाग्यांमधील बारीक फटींतून तेल आपोआप वर चढते आणि या गुणाला केशाकर्षण म्हणतात. वर चढलेले तेल ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या टोकाशी वाफ होते आणि ती वाफ जळते. येथे कोणताही पंप नाही, पंखा नाही, तेलाला ढकलणारे काही नाही, त्यामुळे तेल पातळ असणे अपरिहार्य ठरते. डिझेल हे रॉकेलच्या दीडपट ते तिप्पट दाट असल्याने ते वातीतून संथपणे चढते. त्याहून मोठी अडचण टोकाशी होते. रॉकेल ३०० अंशांपर्यंत पूर्णपणे वाफ होऊन जाते. डिझेलमध्ये मात्र त्यापुढे उकळणारे जड रेणूही असतात, जे वातीच्या टोकावरच तापत राहतात, करपतात आणि कोळशासारखी खर धरतात. खर धरलेली वात तेल नीट ओढत नाही, ज्योत लहान व वेडीवाकडी होते, वात वर सरकवावी लागते, आणि ती वर केली की धूर होतो.

धुराचे मोजमाप करण्यासाठी मानकांत एक सुंदर साधी कसोटी आहे. ठरावीक दिव्यात तेल भरून त्याची वात हळूहळू वर करतात आणि धूर न होता ज्योत किती मिलिमीटर उंच राहू शकते ते मोजतात. या उंचीला धूरबिंदू म्हणता येईल. भारतातील घरगुती रॉकेलचा धूरबिंदू किमान १८ मिलिमीटर असावा लागतो. डिझेलच्या मानकात ही कसोटीच नाही, कारण ते इंजिनात दाबाखाली जाळण्यासाठी बनवलेले तेल आहे आणि उघड्या ज्योतीत ते कसे दिसेल याच्याशी इंजिनाला देणेघेणे नसते. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाच्या सहभागातून आलेल्या नूतन या वातीच्या स्टोव्हची कार्यक्षमता नावाजली गेली, तीही रॉकेलची वाफ आणि हवा यांचा मेळ त्याच्या सच्छिद्र नळकांड्यांत नेमका साधला गेल्यामुळे; तेल बदलले की तो मेळ मोडतो.

पंपाच्या स्टोव्हची गोष्ट याहून फार निराळी नाही. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये घडवलेल्या प्रायमस स्टोव्हचे तत्त्व असे की, टाकीत हवा भरून तेल दाबाने वर चढवायचे, स्पिरिट पेटवून आधी तापवलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती वाफ निपलच्या सुईएवढ्या छिद्रातून जोराने बाहेर सोडायची. ही नळी ज्योतीतच असल्याने त्यात डिझेल गेले की जड भाग नळीच्या आत करपतो, निपल वारंवार तुंबते, आणि पिन मारून काम भागत नाही असा दिवस लवकर उजाडतो.

५. नोझल, दाब आणि एक अनपेक्षित गोष्ट

बॉयलरचा बर्नर तेलाची वाफ होण्याची वाट पाहत बसत नाही. त्यातील पंप तेलाला साधारण ७ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातपट दाब देतो आणि नोझलमधून त्याचे धुक्यासारखे बारीक तुषार करतो. पंखा त्याच क्षणी हवा पुरवतो आणि विद्युत ठिणगी ते मिश्रण पेटवते. तुषार इतके सूक्ष्म असतात की ३०० अंशांच्या पुढे उकळणारे जड रेणूही हवेत तरंगतानाच वाफ होऊन जळतात, त्यांना करपून बसायला जागाच मिळत नाही. डिझेल स्टोव्हमध्ये चालत नाही पण अमेरिकेतील तळघरातल्या बॉयलरमध्ये चालते, याचे मुख्य कारण हे आहे, आणि तो बॉयलर ज्या क्रमांक २ च्या तेलासाठी बनवलेला असतो ते तेल स्वतः डिझेलच्या जवळचे असते हे दुसरे. तेथील खोलीत ठेवायचे, धुराडे नसलेले वातीचे हीटर मात्र स्टोव्हच्याच जातीचे असल्याने त्यांत केवळ के-१ प्रतीचे, अत्यल्प गंधकाचे रॉकेलच वापरावे लागते. त्यात हीटिंग ऑइल घालणे धोक्याचे असते.

तरीही बर्नर सर्व तेलांना सारखे वागवतो असे नाही. नोझलमधील तेल सरळ बाहेर न पडता आतल्या तिरक्या खाचांमुळे गरगर फिरत बाहेर येते, आणि फिरताना मध्यभागी हवेची एक पोकळी तयार होते. तेल जितके पातळ, तितके ते जोरात फिरते आणि पोकळी तितकी मोठी होते, म्हणजेच तेलाला बाहेर पडायला जागा कमी उरते. पातळ तेल अधिक वाहील अशी सामान्य समजूत असते. या नोझलमध्ये घडते ते नेमके उलट. डिझेलवर्गीय तेलासाठी लावलेल्या बर्नरमध्ये रॉकेल भरले की तासाला जाणारे तेल थोडे घटते, शिवाय प्रत्येक लिटरमधील उष्णताही किंचित कमी असते, आणि या दोन्ही घटी एकत्र येऊन घर पूर्वीपेक्षा हळू तापू लागते.

ही तूट दाब वाढवून किंवा थोडे मोठे नोझल बसवून भरून काढतात. दाब आणि प्रवाह यांचे नाते सरळ नसून वर्गमुळाचे आहे, म्हणजे दाब दुप्पट केल्याने प्रवाह दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. एखादे नोझल ७ बार दाबाला तासाला २.८ लिटर तेल सोडत असेल, तर १० बार दाबाला ते सुमारे ३.३ लिटर सोडेल, कारण १० भागिले ७ चे वर्गमूळ साधारण १.२ येते. हीटिंग ऑइलच्या २.८ लिटरमधून तासाला मिळणारी उष्णता सुमारे ३० किलोवॉट विजेच्या हीटरइतकी असते, हे लक्षात घेतले तर नोझलच्या छिद्रातील केसाएवढ्या फरकाला घरात केवढा अर्थ आहे ते कळते.

तेलाचा प्रवाह बदलला की हवेचे प्रमाणही पुन्हा लावावे लागते. हवा कमी पडली तर धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा अधिक झाली तर तापलेली हवा धुराड्यातून फुकट जाते. कुशल तंत्रज्ञ हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत नाही. तो धुराड्यातील वायूचा नमुना घेऊन त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजतो आणि पांढऱ्या कागदी गाळणीतून ठरावीक धूर ओढून तिच्यावरील डागाची शून्य ते नऊ अशा छापील पट्टीशी तुलना करतो. डाग शून्य ते एक यांच्या दरम्यान राहिला, तर बर्नर नव्या तेलाशी जुळला असे समजतात.

६. थंडीत थिजणारे तेल

पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली जशी आधी दुधाळ होते आणि मग घट्ट बसते, तसेच डिझेलवर्गीय तेलाचे होते, फक्त त्यासाठी फार अधिक थंडी लागते. या तेलांत मेणासारखे लांब रेणू असतात. तापमान उतरता उतरता ज्या टप्प्याला त्यांचे स्फटिक दिसू लागून तेल गढूळ होते तो ढगाळबिंदू, आणि ज्या टप्प्याला तेल ओतलेही जाईनासे होते त्याच्या जरा वरचा तो ओघबिंदू. अमेरिकेतील क्रमांक २ चे तेल साधारण शून्याखाली ९ अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. तेल अजून वाहत असले तरी स्फटिक गाळणीत अडकतात आणि बर्नर उपाशी राहून बंद पडतो.

टाकी तळघरात असेल तर ही वेळ येत नाही, परंतु जेथे टाकी घराबाहेर उघड्यावर असते तेथे ती हमखास येते. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी बॉस्टनचे तापमान शून्याखाली २३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा ठिकाणी उघड्यावरच्या टाकीत रॉकेल भरणे हा रूढ उपाय आहे, कारण के-१ रॉकेलला शून्याखाली ३० अंशांपर्यंत गोठण्याची भीती नसते. ते महाग पडत असल्याने अनेक ठिकाणी दोन्ही तेलांचे मिश्रण भरतात आणि उन्हाळा आला की पुन्हा क्रमांक २ कडे वळतात. वर्षातून दोनदा तेल बदलणारी ही घरे आहेत. त्यांच्या बर्नरची जुळणी दोन्ही तेलांना सोसेल अशी मधली ठेवावी लागते.

भारतीय मानकांतही याचे प्रतिबिंब आहे. डिझेलचा ओघबिंदू हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश चालतो. हिंजवडीला ते पुरते; लडाखसाठी वेगळे, हिवाळी प्रतीचे डिझेल बनवावे लागते.

७. गंधक, धुराडे आणि शहराची हवा

कच्च्या तेलातील गंधक प्रामुख्याने जड भागात साठते. फर्नेस ऑइलमध्ये ते २ ते ४ टक्के असू शकते, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत १० भाग, म्हणजे ०.००१ टक्का इतकेच असते. हे अंतर हजारो पटींचे आहे. गंधक जळल्यावर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातील थोड्या भागाचे पुढे सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये रूपांतर होते, आणि धूर सुमारे १२० ते १५० अंशांच्या खाली थंडावला की तो पाण्याच्या वाफेशी संयोग पावून सल्फ्युरिक आम्लाच्या रूपाने धुराड्याच्या पत्र्यावर उतरतो. फर्नेस ऑइलच्या बॉयलरमध्ये म्हणूनच धूर मुद्दाम गरम सोडावा लागतो, म्हणजे यंत्र वाचवण्यासाठी उष्णता वाया घालवावी लागते. स्वच्छ तेलावर आल्यास ही सक्ती सैल होते आणि धुरातील उष्णता परत मिळवणारी उपकरणे बसवता येतात. तेलबदलाचा हा लाभ भावाच्या तक्त्यात दिसत नाही, पण कायम टिकतो.

पुण्याला या विषयाशी जुने नाते आहे. पूर्वी वॅन्सन इंडिया या नावाने चालणारी थरमॅक्स आणि कासारवाडीची फोर्ब्स मार्शल या बॉयलर व वाफेच्या व्यवसायातील दोन नामांकित कंपन्या याच परिसरातल्या, आणि कारखान्यांपासून हॉटेलांच्या धुलाईघरांपर्यंत गरम पाणी व वाफ पुरवणारी तेलावरची यंत्रे हा त्यांच्या कामाचा ओळखीचा भाग राहिला आहे. फर्नेस ऑइलवरील यंत्र डिझेलवर आणताना अडचण वेगळी असते. फर्नेस ऑइल इतके दाट असते की तुषार होण्यासाठी ते बर्नरपाशी सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून पातळ करावे लागते. डिझेलला ही गरज नसते, आणि जुना तापक चालूच राहिला तर डिझेल अतिपातळ होऊन पंपाच्या भागांना पुरेसे वंगण मिळत नाही, शिवाय नळीतच वाफ धरून ज्योत अडखळते. तापक बंद करणे ही एवढीशी गोष्ट विसरली गेली, तर नव्या तेलालाच दोष दिला जातो.

न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये नियम करून इमारतींच्या तळघरांतील क्रमांक ६ चे तेल २०१५ पर्यंत बंद करवले, आणि हजारो बॉयलर हलक्या तेलावर किंवा वायूवर गेले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान या राज्यांत उद्योगांमधील फर्नेस ऑइल व पेटकोक या घन जळणाच्या वापरावर बंदी घातली. धुराडे एका मालकाचे असले तरी धूर सर्वांचा असतो, आणि या बाबतीत कायद्याने हात घालणे योग्यच होते.

८. निळे रॉकेल

रॉकेल डिझेलमध्ये सहज मिसळते, डोळ्यांना ओळखू येत नाही आणि दोहोंच्या भावांत मोठी तफावत होती, या तीन गोष्टी एकत्र आल्याने भेसळीचा मोठा काळा धंदा उभा राहिला. शिधापत्रिकेवरील अनुदानित रॉकेलला निळा रंग दिला गेला तो हे मिश्रण उघडे पडावे म्हणूनच. अमेरिकेत घर तापवण्याच्या करमुक्त तेलाला लाल रंग देतात, त्यामागेही ते वाहनात वापरले जाऊ नये हाच हेतू असतो. महाराष्ट्राने या धंद्याची किंमत जीवाने मोजली आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची भेसळ करणाऱ्यांना हटकल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा बळी घेणाऱ्या या गुन्ह्याच्या मुळाशी, दोन तेलांच्या उकळण्याच्या मर्यादा एकमेकींत शिरलेल्या आहेत ही रसायनशास्त्रातील साधी बाब होती, आणि तिचा गैरफायदा घेण्यास लावणारी भावांची दरी. पुढे केंद्र सरकारने रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढवून अनुदान संपवले आणि ही दरी मिटत गेली. मात्र ज्या घरांत दुसरे जळण पोहोचले नव्हते त्यांच्यावर त्याचा भार पडला, हेही नोंदवायला हवे.

९. प्रत्यक्ष बदल करताना

तेल बदलण्याचे काम टाकीपासून सुरू होते. वर्षानुवर्षे वापरलेल्या टाकीच्या तळाशी पाणी, गंज आणि चिकट गाळ साचलेला असतो, आणि नवे तेल जोराने भरताच तो ढवळून वर येतो. अमेरिकेतील घरगुती टाकी सामान्यतः २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी असते, आणि ती पूर्ण रिकामी होऊ दिली की हाच गाळ शेवटच्या तेलाबरोबर गाळणीत शिरतो. जैवडिझेल मिसळलेले तेल भरल्यास हे अधिक तीव्रतेने होते, कारण जैवडिझेल जुना गाळ विरघळवून सुटा करते, आणि रबराचे काही जुने वायसरही त्याने फुगतात. म्हणून टाकीचा तळ साफ करणे, गाळणी बदलणे, नव्या तेलाला साजेसे नोझल यंत्राच्या उत्पादकाच्या तक्त्यावरून निवडून बसवणे, पंपाचा दाब लावणे, नळीत शिरलेली हवा काढून टाकणे आणि शेवटी धुराड्यातील वायू मोजून हवेची झडप जुळवणे, या क्रमानेच जावे लागते. नळीतील हवा न काढल्याने बर्नर पेटून लगेच विझतो, आणि घरातल्या माणसांना तेलच वाईट आले असे वाटते.

कागदपत्रांची बाजूही असते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा तेलांचे वर्ग त्यांच्या फ्लॅश पॉइंटवरून पाडतो. फर्नेस ऑइल हे क वर्गात येते आणि ४५,००० लिटरपर्यंत परवान्याशिवाय साठवता येते. डिझेल व रॉकेल हे ब वर्गात येतात आणि त्यांची मर्यादा केवळ २,५०० लिटरची आहे, तीही एकेका पात्रात १,००० लिटरपेक्षा अधिक नसेल तरच. त्यामुळे फर्नेस ऑइलची टाकी स्वच्छ करून तीत तेवढेच डिझेल भरणाऱ्या हॉटेलाने किंवा कारखान्याने, प्रदूषण कमी करण्याचे चांगले काम करता करता नकळत कायदा मोडलेला असू शकतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातही जळणाचा प्रकार नमूद असतो आणि जळण बदलल्यास ते सुधारून घ्यावे लागते.

१०. तेल सोडून वायूकडे

हिंजवडीत आता तेलाचा प्रश्न मागे पडत चालला आहे. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून सुरू केलेली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांना लागून असलेल्या हिंजवडी, चाकण व तळेगाव या भागांत नळाने नैसर्गिक वायू पुरवते, आणि नव्या गृहसंकुलांच्या गच्च्यांवर पाणी तापवणारी सौर उपकरणेही दिसतात. तरीही जळण बदलले की यंत्र जुळवावे लागते हा नियम वायूलाही सोडत नाही. सिलिंडरमधील एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नळाच्या वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते आणि तो शेगडीपर्यंत अधिक दाबानेही येतो. म्हणून एलपीजीची शेगडी नळाच्या वायूला जोडताना तंत्रज्ञ तिच्या जेटची छिद्रे मोठी करून देतो किंवा जेटच बदलतो. तसे न केल्यास ज्योत मिणमिणती राहते. आणि घर बदलल्यावर तीच शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडली व मोठे जेट तसेच राहिले, तर ज्योत भांड्याबाहेर जाते, पिवळी पडते आणि काजळी धरते. जुने जेट काढले त्याच दिवशी एका छोट्या पिशवीत घालून शेगडीच्या कागदपत्रांसोबत ठेवून देण्याची पद्धत काही तंत्रज्ञ पाळतात, आणि भाड्याच्या घरांतून दर काही वर्षांनी स्थलांतर करणाऱ्या हिंजवडीतील कुटुंबांना तिचा चांगला उपयोग होतो.